दुपारची राखण

१

आमच्या घरी दुपार म्हणजे रात्र असायची. रुपेशदादा मोहोपाड्याच्या कंपनीत होता, बहुतेक रात्रपाळीलाच. सकाळी घरी यायचा, भाकरी खायचा आणि आतल्या खोलीत खाटेवर पडला की लगेच घोरायला लागायचा. ते घोरणं साधं नव्हतं. शेजारचा गोमाकाका विचारायचा, "काय रं योग्या, तुमच्या घरात दुपारचे डंपर चढवता काय?" खरंच तसा आवाज होता. चढ चढावा तसा वाढत जायचा, वाढत जायचा, आणि अगदी वर पोहोचला की बंद. घोरणंही बंद आणि श्वासही बंद.

त्या बंदसाठी आई बाहेरच्या खोलीत बसायची.

आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, मधली भिंत प्लायची. तो प्लाय दादानेच कंपनीतून आणला होता, कुठल्या तरी मोठ्या मशीनच्या खोक्याचा. त्यावर काळ्या शाईत दोन बाण आणि एक काचेचा पेला छापलेला. बाण वर पाहिजेत, पण ठोकताना मी घाई केली आणि प्लाय उलटा लागला. बाण तेव्हापासून जमिनीकडे बघतात. आई त्याच बाणांना पाठ टेकून वाल सोलत नाहीतर तांदूळ निवडत बसायची, आणि कान आत. आवाज बंद झाला की ओठांतल्या ओठांत त्रिसरण, बुद्धं सरणं गच्छामि, म्हणायला लागायची. हात चालूच. तिसऱ्या फेरीचं शेवटचं ततियम्पि म्हणून संपलं आणि तरी आत काही हललं नाही, तर हात मागे नेऊन बोटाच्या पेराने प्लायवर दोनदा वाजवायची. टक टक.

आत दादा दचकून मोठा श्वास ओढायचा. मग झोपेतच हात उचलून आतल्या बाजूने एकदा वाजवायचा. टक. म्हणजे, आहे.

उठल्यावर विचारलं तर त्याला यातलं काही आठवायचं नाही. "मी कधी वाजवतो?" म्हणायचा. आईच्या पेराचा डाग मात्र प्लायवर पडला होता, दोन बाणांच्या मधोमध, तेलकट काळा.

२

दादाला बसल्याबसल्या झोप लागायची. हातात घास धरून लागायची. पौर्णिमेला विहारात सगळे ध्यानाला बसले की दादाची मान हळूहळू पुढे कलायची, हनुवटी छातीला टेकायची, मग एक झटका, मान वर, आणि परत कलायला सुरुवात. वंदना गोमाकाका घ्यायचा. तो म्हणायचा, "समाधी रुपेशलाच लागते. आपण नुसते डोळे मिटतो." सगळे हसायचे, दादा पण.

पनवेलला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं तेव्हा आजाराचं नाव कळलं. झोपेत गळ्याचा मागचा भाग ढिला पडतो, वाट बंद होते, श्वास थांबतो. मेंदू घाबरून जागं करतो, म्हणजे माणूस रात्रभर झोपतही नाही आणि त्याला ते कळतही नाही. बाईंनी एकेक उपाय सांगितला. वजन उतरवा. दारू पीत असाल तर सोडा. उताणे झोपू नका. हे बिनपैशाचे, पण तुमचं दुखणं मोठं आहे, तुम्हाला झोपताना नाकाला लावायचं मशीन लागेल.

मशीन येईपर्यंत आईने उताणं न झोपण्याचा उपाय केला. दादाच्या कंपनीच्या निळ्या शर्टाला पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, कप्पा शिवला आणि त्यात रबरी चेंडू घालून तोंड बंद केलं. उताणा झाला की चेंडू टोचणार, कुशीवर वळणार. दादा तो शर्ट घालून घरात फिरायचा तेव्हा पाठीवर कुबड दिसायचं.

"उंट आला, उंट," मी म्हणायचो.

"उंट तर उंट," दादा म्हणायचा. "उंटाला वाळवंटात झोप येत नाय. मला तेवढंच पाह्यजे."

मग मशीन आलं. दादाने ते चांगल्यापैकी वापरलंही. त्याच्या डोळ्यांखालचं काळं उतरायला लागलं होतं. मग एके दिवशी त्याच्यानंतरच्या पाळीचा माणूस आला नाही आणि दादाला पाळीवर पाळी करावी लागली. निघताना त्याने फोन केला. "आये, निघलो. वाल शिजव." रस्त्याच्या कडेला एक ट्रेलर उभा होता, दिवसाउजेडी, लांबून दिसणारा. दादाची मोटरसायकल सरळ त्याच्याकडे गेली. बघणारे म्हणाले, ब्रेकचा आवाज आलाच नाही.

जलदान विधीच्या आधी त्याचं अंथरूण आणि रोजचे कपडे आम्ही नदीकाठी जाळले. चेंडूचा शर्ट मी माझ्या हाताने टाकला. कापड लगेच गेलं. चेंडू बराच वेळ जळत होता, काळा धूर करत. त्या रबराचा वास माझ्या केसांतून दोन दिवस गेला नाही.

३

मी टेंपो चालवतो. सकाळी कळंबकडच्या रिसॉर्टच्या मळक्या चादरी उचलायच्या, कर्जतला धुलाईला टाकायच्या, धुतलेल्या परत पोहोचवायच्या. जेवायच्या वेळेला घरी येतो. दादा गेल्यावर कामाला जायचं मन नव्हतं, पण चादरी थांबत नाहीत. शनिवार-रविवारी लोक येतात, झोपतात आणि जातात.

आईने आपलं झोपणं दादाच्या खाटेवर हलवलं. दुपारी जेवण झालं की ती आत जाऊन पडायची आणि घोरायची. आधीही घोरत असेल, पण आधी दुपारी ती झोपायचीच कुठे.

होळी होऊन गेली होती. ऊन तापलं होतं. मी अंगणात टेंपोवर चढून चादरींची गाठोडी बांधत होतो. आत आईचं घोरणं चढाला लागलं, वर गेलं, थांबलं. मी गाठ मारत राहिलो. थोड्या वेळाने आतून आवाज आला. टक टक. मग मोठा श्वास. मग, टक.

ऐकून मला बरं वाटलं. इतकी वर्षं ऐकलेला आवाज. सगळं जागच्या जागी आहे, असं वाटलं. दुसरं गाठोडं ओढलं, त्याची गाठ मारली, आणि मग माझे हात थांबले.

दोनदा वाजवणारी आई होती. आणि आई तर आत झोपली होती.

मी खाली उडी मारून घरात गेलो. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. चूल विझलेली, तांदळाचं सूप भिंतीला टेकवलेलं. आत आई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. तिचा उजवा हात प्लायला लागून पडला होता, बोटं अर्धवट मिटलेली.

४

मी स्वतःला समजावलं. ऊन तापलं की पत्रा वाजतो, प्लायही वाजत असेल. आणि आईने झोपेत हात आपटला असेल, त्यात काय. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर आलो. आई आत झोपली. मी बाहेर तिच्या जागेवर बसलो, बाणांना पाठ लावून. मनात म्हटलं, आता मीच राखण करतो. श्वास थांबला तर मी वाजवीन. मग दुसरं कोण वाजवतं ते बघू.

पंखा हळू फिरत होता. मागे एक्स्प्रेस वेचा आवाज, तो असतोच. आईचं घोरणं वर गेलं आणि थांबलं.

मी त्रिसरण म्हणायला घेतलं. लहानपणापासून पाठ आहे, झोपेतही म्हणेन. पण तेव्हा दुतियम्पिवर अडखळलो आणि परत पहिल्यापासून सुरू करावं की काय, असा विचार करत होतो. हात उचलणार, इतक्यात वाजलं.

टक टक.

माझ्या दोन खांद्यांच्या मधे. पाठीला कळलं आधी, कानाला नंतर. प्लाय थरथरला तो माझ्या बाजूने. माझी पाठ आणि प्लाय यांच्यामधे बोट शिरायला जागा नव्हती.

आत आईने श्वास ओढला. मग तिने आतून उत्तर दिलं. टक.

मी उठलो आणि प्लायला लाथ घातली. का घातली ते सांगता येणार नाही. माझं असंच आहे, आधी पाय उठतो. खालची पट्टी सुटली, प्लाय कडेला उघडला आणि बाजूची भिंत व प्लाय यांच्यात बोटभर फट पडली.

"का रं तंगड्या झाडतोस?" आई आतून म्हणाली.

"कोन वाजवतंय?"

खाट करकरली. मग दारात येऊन, पदर सारखा करत म्हणाली, "तू पन ऐकलंस?"

"म्हंजे तुला म्हाईत हाय?"

"मला झोपेत काय म्हाईत आसनार," ती म्हणाली. "पर उठल्यावर बोट दुखतंय ना." तिने उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. पेरावर लाल झालं होतं.

५

मी गोमाकाकाला बोलावून आणलं. सगळं सांगितलं नाही, प्लाय वाजतो इतकंच म्हटलं. काकाने प्लायवरून हात फिरवला, वर पत्र्याकडे बघितलं.

"खोक्याचा प्लाय हाय, हलका. उन्हानं फुगतो, वाजतो. पट्टी मार."

"दोनदाच कसा वाजतो पन?"

काका माझ्याकडे बघत राहिला. तोही दादाच्या मयताला रडला होता. "योगेंद्र," तो म्हणाला, पूर्ण नावाने, "आत्मा-बित्मा आपल्यात मानत नाय. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना तू? शरीर व्हतं, गेलं. राहतं ती आठवन. ती वाजते."

"आठवन प्लायवर वाजते व्हय?"

"कुठंपन वाजंल," काका म्हणाला. "माझी बायको गेली तवा सहा महिनं मला भांड्यांचा आवाज यायचा."

मी पट्टी मारली. फट पूर्ण बुजली नाही. फटीत कापडाचे बोळे कोंबले, प्लायच्या मागे चादरींचं गाठोडं लावलं. दुपारी गाठोड्यामागून आवाज आला, दबका, पण आला. आई झोपून उठली आणि म्हणाली, "काढ ते बोचकं. त्याला बसायला जागा ठेव."

"कोनाला?"

"इतकी वर्सं मी त्येची राखली," ती म्हणाली. "आता त्यो माझी राखतोय. तू कशाला मदी पडतोस?"

तिच्या तोंडावर भीती नव्हती. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा नीट जेवत होती. दुपार झाली की लगबगीने भांडी आवरायची, एखाद्याने गावाला जाण्यासाठी आवरावं तशी, आणि आत जाऊन पडायची. मी गाठोडं काढलं. बोळेही काढले. खरं सांगायचं तर मलाही ते पाहिजे होतं. चादरी टाकून मी धावत घरी यायला लागलो होतो. अंगणात उभा राहायचो, आत जायचो नाही. टक टक ऐकू आलं की मनातल्या मनात म्हणायचो, आहे.

६

मग एके दिवशी टकटक आली नाही.

मी अंगणातच होतो. आईचा आवाज थांबला. मी वाट बघितली. मनातलं त्रिसरण संपलं. परत सुरू केलं, तेही संपत आलं. आतून काही नाही. मी आत धावलो. आई उताणी पडली होती, तोंड उघडं, छाती हलत होती पण हवा आत जात नव्हती, बांधलेल्या पिशवीसारखी. ओठ जांभळे झाले होते. मी तिला धरून गदागदा हलवलं. ती घशातून आवाज करत उठली, माझ्या शर्टाला धरून.

आणि तेव्हा, मी तिला धरलेलं असताना, पलीकडून वाजलं. टकटक टकटक. घाईघाईने, उशीर झालेला माणूस दार वाजवतो तसं.

आई धापा टाकत होती. बोलण्याइतका दम आल्यावर म्हणाली, "डोळा लागला आसंल त्याचा."

"काय?"

"त्येचं तसंच हाय ना. बसल्या जागी झोप लागते." आणि हसली. इतक्या मायेने हसली की माझ्या अंगावर काटा आला.

मी तिला उचलून टेंपोत बसवलं. मागे कळंबच्या चादरी तशाच होत्या. पनवेलपर्यंत ती म्हणत राहिली, "मला काय झालं नाय रं. चादरी दे आधी लोकांच्या." मी ऐकलं नाही. माझ्याकडे आता एकच माणूस उरलं होतं.

७

डॉक्टरीणबाईंनी दादाबद्दल ऐकलं आणि थोडा वेळ हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग आईला तपासलं. एका रात्रीसाठी बोटाला आणि छातीला तारा लावून घरी पाठवलं, सकाळी यंत्र परत मागवलं. निकाल बघून म्हणाल्या, "यांचाही मोठाच आहे. घरातल्यांच्या गळ्याची ठेवण सारखी असते."

मी म्हटलं, "दादाचं मशीन हाय. आजच लावतो."

"असं परस्पर लावू नका. प्रत्येकाचा दाब वेगळा असतो. यांच्यासाठी नव्याने ठरवावा लागेल. मास्क आणि नळी नवीन घ्या, मशीन तपासून तेच चालेल."

आई म्हणाली, "तोंडाला मुस्कं बांधायला मी काय मळणीचा बैल हाय?"

बाई हसल्या. "तोंडाला नाही आजी, नाकाला."

"दुसरं काय नाय का? गोळी?"

"गोळीने हे जात नाही. खालचा जबडा पुढे ओढून धरणारी एक पट्टी असते, ती दातांवर बसते. दात किती आहेत?"

आईने तोंड उघडून दाखवलं. वर समोर चार, खाली त्याहून कमी. मिश्रीने काळे पडलेले.

"मग ती नाही बसणार. ऑपरेशन असतं, पण तुमच्या वयाला आणि या गळ्याला मी ते आधी सांगणार नाही. वजन उतरवा, कुशीवर झोपा. आणि मशीन. ते श्वास देत नाही, श्वास तुमचाच. ते फक्त हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवतं. रात्री आणि दुपारीसुद्धा. झोप म्हणजे मशीन."

"दुपारी माझी राखन व्हती," आई म्हणाली.

"कोण करतं?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

निघताना बाई मला म्हणाल्या, "तुम्हीही तपासून घ्या. मान बघा तुमची. गाडी चालवता ना? दोन झाले घरात. तिसऱ्याची वाट बघू नका." मी हो म्हटलं.

८

मशीन लागलं. मशीनवाल्यांचा माणूस येऊन दाब ठरवून गेला, पट्टे कसे बांधायचे दाखवून गेला. लाइट जाते म्हणून मी छोटा इन्व्हर्टर आणला. पहिले काही दिवस आई मास्क काढून फेकायची, मी परत लावायचो. मी ओरडलो, रडलोसुद्धा. मग तिने ऐकलं. माझ्यासाठी ऐकलं.

मशीनचा आवाज अगदी बारीक. लांब कुठेतरी कुकरची वाफ निघावी तसा, पण एकसारखा. आई त्यात घोरत नव्हती. तिचा श्वास एकदाही थांबला नाही. मी प्लायपाशी बसून ऐकलं. त्रिसरण म्हणायची वेळच आली नाही.

आणि कुणी वाजवलं नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, बरं झालं. दुसऱ्या दिवशीही वाटलं. नंतर मी उगाच बसून राहायला लागलो. पंखा, एक्स्प्रेस वे, मशीन. दुपार इतकी सरळ कधी गेली नव्हती. आईची डोकेदुखी थांबली, पायांची सूज उतरली, तांदूळ निवडताना डुलकी येईनाशी झाली. गोमाकाका म्हणाला, "जानकीबाई दहा वर्सांनी ल्हान दिसतात." आई त्याच्यापुढे हसली.

तो गेल्यावर ती प्लायपाशी बसली. डागावर बोट ठेवलं.

"योगेंद्र. एक दुपार मशीन बंद ठेव."

"नाय."

"एकच. तू बस ना बाजूला. काय झालं तर हलव मला."

"नाय म्हंजे नाय. त्या दिवशी काय झालं व्हतं इसरलीस?"

"तवा त्यो दमला व्हता."

"आये, त्यो मेलाय," मी म्हटलं.

हे वाक्य त्या घरात तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. आम्ही 'दादा गेल्यावर' म्हणायचो, 'त्या दिवशी' म्हणायचो. आई उठली, स्वतःच्या हाताने मास्क लावला, पट्टे ओढून घट्ट केले आणि पडली. तिच्या डोळ्यांतलं पाणी मास्कच्या कडेला जमा होत होतं. मशीन चालू होतं. ती झोपेपर्यंत मी तिथेच उभा होतो. वाटलं, पट्टा सोडावा. एकच दुपार. हात पुढेही केला होता.

सोडला नाही. आईच्या बाबतीत मी बरोबर वागलो, हे मला कळतं. सगळे तसंच म्हणतात. पण ती आता दुपारी आवरायची घाई करत नाही. जेवून झाल्यावर ताटापाशीच बसून राहते, मी "झोप" म्हणेपर्यंत.

९

आतल्या खोलीतला विजेचा बोर्ड खराब झाला म्हणून मशीन बाहेरच्या खोलीत हलवलं. आई बाहेर जमिनीवर गादी घालून झोपायला लागली. मी आत दादाच्या खाटेवर.

मला दुपारी झोप नसायची. पण त्या दिवसांत सारखी पेंग यायची. कर्जतच्या चौकात सिग्नल नसतानाही मी टेंपो उभा करून डोळे मिटले होते, मागच्याने हॉर्न दिला तेव्हा जागा झालो. दादाच्या जाण्यानंतर रात्री झोप होत नाही, म्हणून असेल. सकाळी डोकं जड असायचं. मानेत शर्टाची वरची गुंडी लागेनाशी झाली होती.

त्या खाटेवर मी पडलो आणि लगेच झोपलो. स्वप्न नव्हतं, काही नव्हतं. मग एकदम छातीत कळ आली आणि मी हवा ओढत जागा झालो. घामाने भिजलो होतो. खोलीत ऊन, पंखा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. सगळं जिथल्या तिथे.

माझा उजवा हात प्लायवर होता. बोट दुमडलेलं. पेर दुखत होतं.

मी तसाच पडून राहिलो. आधी वाजलं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. झोपलेल्याला ते ऐकू येतच नाही. दादालाही कधी आठवायचं नाही.

१०

डॉक्टरीणबाईंकडून फोन आला होता. तपासणीला या म्हणून. मी "येतो" म्हटलं. पनवेल लांब नाही. तारा लावायच्या, एक रात्र झोपायचं, मग मलाही एक मशीन. वजन उतरवायचं, कुशीवर झोपायचं. माझे दात शाबूत आहेत, कदाचित ती पट्टीही बसेल. मला सगळे उपाय पाठ आहेत. पण गेलेलो नाही, आणि माझं हे आईलाही सांगितलेलं नाही. झोपेत तिच्या कानाशी मशीन असतं, तिला पलीकडचं काही ऐकू येत नाही. जागी असते तेव्हा ती माझ्याकडे बघत असते, आणि विचारते, "दुपारी झोप लागते का रं तुला?" मी म्हणतो, "लागते."

दुपारी मी उताणा झोपतो.

रोज जागा होतो तेव्हा हात प्लायवर असतो. पण हल्ली जागं व्हायला उशीर होतो आहे. हे मला कसं कळतं तर नखांवरून. काल नखं निळी होती आणि डोळ्यांपुढे काजवे होते, खाटेवर उठून बसायला वेळ लागला.

आज जागा झालो तो अर्धवट. डोकं फुटत होतं. डोळ्यांसमोर ती फट होती, मी लाथ घातली तेव्हाची, प्लाय आणि भिंतीमधली. पट्टी मारूनही राहिलेली. मी कधी त्यातून बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर बघता आलं असतं, रोज. आज मान वळवली आणि डोळा लावला.

समोर आई गादीवर. मास्क लावलेला, नळी मशीनपर्यंत गेलेली, छाती सावकाश वरखाली होत असलेली. तिच्या उशाशी तांदळाचं सूप.

आणि फटीच्या अगदी कडेला, प्लायला टेकून, निळं कापड. इतकं जवळ की कापडाची वीण दिसत होती. आईचे टाके दिसत होते, जाड दोऱ्याचे. कप्प्यातला गोल चेंडू प्लायला दाबून थोडा चपटा झाला होता. मला रबराचा वास आला, जळक्या नाही, नव्या चेंडूचा.

मी दुमडलेलं बोट उचललं आणि एकदा वाजवलं. टक. म्हणजे, आहे.

तो वळला नाही. निळ्या कापडाच्या वर मला मान दिसत होती, केस मागून बारीक कापलेले. ती हळूहळू पुढे कलत होती. एक झटका आला, वर झाली, आणि परत कलायला लागली.

"दादा," मी म्हटलं, "झोपू नको रं."

माझे डोळे मिटत होते.